वेलिगामाचा मुक्काम

सर्फिंगविषयी आपल्याकडे जे काही छापून येते त्यात लाट, फळी आणि त्या फळीवर तोल सावरून उभा असलेला तरुण एवढ्या तीनच गोष्टी बहुधा असतात. परंतु जो मनुष्य आपला नित्याचा व्यवसाय महिना-दोन महिने तहकूब ठेवून केवळ या खेळासाठी उष्ण कटिबंधातील एखाद्या किनाऱ्यावर जाऊन राहतो, त्याच्या चोवीस तासांपैकी फार तर तीन-चार तास पाण्यात जातात, आणि उरलेला सारा काळ कोठे राहावे, काय खावे, दुपार कशी घालवावी, दुखऱ्या खांद्यांना विश्रांती कशी द्यावी आणि ज्यांच्या गावात आपण येऊन राहिलो त्या माणसांशी कोणत्या रीतीने वागावे, या प्रश्नांनी व्यापलेला असतो. अशा मुक्कामाचे यशापयश या दुसऱ्या भागावरच ठरते, असे माझे निश्चित मत आहे. पहिल्या आठवड्यातच कंटाळून किंवा जायबंदी होऊन परत जाणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना लाटा उत्तम मिळाल्या होत्या; दिवसाला घडी मात्र बसली नव्हती. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेलिगामा या गावाच्या आधाराने हा दुर्लक्षित भाग वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वेलिगामा हे गॉल आणि मातारा या दोन शहरांच्या मध्ये, कोलंबोपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर वसलेले मासेमारीचे जुने गाव. कोलंबोच्या फोर्ट स्थानकावरून निघालेली आगगाडी येथवर येताना बराच वेळ समुद्राच्या इतकी लगत धावते की, उधाणाच्या दिवशी खिडकीत बसलेल्याच्या तोंडावर तुषार यावेत. हा लोहमार्ग 1895 साली माताऱ्यापर्यंत पोहोचला; त्यानंतर शतकाहून अधिक काळ तेच त्याचे शेवटचे स्थानक होते आणि 2019 मध्ये तो पुढे बेलिअत्तपर्यंत वाढवण्यात आला. गावापुढे समुद्राने एक विस्तीर्ण अर्धचंद्राकृती वळण घेतले आहे. त्याचा तळ वाळूचा आणि उतार मंद असल्यामुळे लाट येथे एकदम कोसळत नाही, दुरूनच फुटू लागते आणि फेसाळत सावकाश किनाऱ्याला लागते. नवशिक्या माणसाला याहून दयाळू समुद्र मिळणे कठीण. त्याच वळणात, किनाऱ्यापासून कंबरभर पाण्यातून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, तप्रोबेन नावाचे एक चिमुकले बेट आहे. स्वतःला काउंट म्हणवून घेणाऱ्या द मॉनी नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथे घर बांधले आणि पुढे पन्नाशीच्या दशकात अमेरिकन लेखक पॉल बोल्स यांनी ते विकत घेतले. परदेशातून येऊन या किनाऱ्यावर दीर्घकाळ राहण्याची वहिवाट सर्फिंगच्या आधीची आहे, याचा हा एक दाखला.

त्याहूनही जुना दाखला गावातच, लोहमार्गाजवळ, एका प्रचंड खडकात कोरलेला आहे. कुष्ठराजगल या नावाने ओळखली जाणारी ही उभी मूर्ती विद्वानांच्या मते आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराची असून ती बोधिसत्त्व अवलोकितेश्वराची असावी. परंतु गावची आख्यायिका वेगळी आहे. त्वचारोगाने जर्जर झालेला कोणी एक परदेशी राजा या किनाऱ्यावर आला, तीन महिने केवळ शहाळ्याच्या पाण्यावर राहिला, रोगमुक्त झाला आणि कृतज्ञतेने त्याने ही मूर्ती घडवली, असे लोक सांगतात. ऐतिहासिक सत्य काहीही असो, दूरच्या माणसाने येथे येऊन काही महिने राहावे आणि अंगाने बरे होऊन परत जावे, ही कल्पना या गावाला नवी नाही एवढे या कथेवरून दिसते.

आता लाटांविषयी, कारण येथील दिनचर्येचे सारे वेळापत्रक त्यांच्याकडून येते. श्रीलंकेचे दक्षिण टोक असलेल्या दोंद्रा येथे एक उंच दीपगृह आहे. तेथून सरळ दक्षिणेकडे निघालेल्या जहाजाला अंटार्क्टिकापर्यंत कोठेही भूमी आडवी येत नाही. या अफाट जलविस्ताराच्या तळाशी, दक्षिण अक्षांश चाळीस ते पन्नासच्या पट्ट्यात, वर्षभर वादळे घोंघावत असतात आणि त्यांनी खवळवलेल्या पाण्यातील दीर्घ लाटा वादळापासून सुटून उत्तरेकडे प्रवासाला लागतात. ज्या लाटांच्या दोन माथ्यांमध्ये पंधरा सेकंदांचे अंतर असते त्यांची ऊर्जा खोल समुद्रात ताशी सुमारे बेचाळीस किलोमीटर वेगाने पुढे सरकते, असे जलगतिशास्त्र सांगते. म्हणजे वेलिगामाच्या वाळूवर आज सकाळी फुटलेली लाट पाच-सहा दिवसांपूर्वी पाच हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावरील एखाद्या वादळात जन्मलेली असते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वा पट उरली की लाटेचा पाय तळाला अडखळतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. या फुटण्याच्या क्षणापूर्वी, तिचा उतार अजून गुळगुळीत आणि हिरवा असताना, तिच्यावर चढणे हेच या कलेचे मर्म होय. फुटून गेलेल्या पांढऱ्या फेसावर उभे राहणे ही त्याची केवळ पूर्वतयारी.

लाट दूरच्या वादळाची असली तरी तिचे रूप स्थानिक वाऱ्यावर अवलंबून असते. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा अंमल असतो. हे वारे बेट ओलांडून जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, येणाऱ्या लाटेचा माथा उचलून धरतात आणि तिचा चेहरा स्वच्छ ठेवतात. मे महिन्यात हा कारभार उलटतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस वेलिगामाचा समुद्र गढूळ आणि उद्दाम करून टाकतो, आणि मग सर्फर मंडळी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, पोट्टुविलजवळच्या अरुगम बे या गावी आपला तळ हलवतात, कारण तेच वारे आता त्या बाजूला जमिनीवरून वाहू लागतात. सप्टेंबर सरेपर्यंत तेथे हंगाम चालतो. एकाच छोट्या बेटावर वर्षातून दोन हंगाम दोन वेगळ्या किनाऱ्यांवर मिळावेत, ही निसर्गाची मोठीच देणगी म्हणावयास हवी.

आपल्या कोकणच्या वाचकाला येथे एक प्रश्न पडेल: सातशेहून अधिक किलोमीटर लांबीचा किनारा लाभलेल्या महाराष्ट्रात हा खेळ का रुजला नाही? त्याचे एक कारण भूगोलातच आहे. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ, म्हणजे भूखंडमंच, सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे आणि दुरून येणाऱ्या लाटांची पुष्कळशी शक्ती या उथळ तळावर घासून खर्ची पडते. उलट श्रीलंकेचा भूखंडमंच दक्षिणेकडे अगदी अरुंद असल्याने लाट आपले सामर्थ्य शाबूत ठेवून दारापाशी येते. शिवाय आपल्याकडे मोठ्या लाटा येतात त्या पावसाळ्यात, वारा समुद्राकडून अंगावर येत असताना. भरतीओहोटीचाही फरक आहे. मुंबईत साडेचार मीटरांहून उंच भरतीच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो, तर वेलिगामाला ओहोटी आणि भरती यांतील अंतर सहसा मीटरभरही नसते. त्यामुळे तेथे दिवसातील बहुतेक वेळी पाण्यात उतरता येते, आणि नेमकी हीच सोय नवागताला पहिल्या आठवड्यात घातक ठरते.

कारण पहिल्या आठवड्यात मनुष्याला हाव सुटते. सकाळी दोन तास पाण्यात काढून आलेला माणूस दुपारी पुन्हा उतरतो, संध्याकाळी पुन्हा उतरतो, आणि चौथ्या दिवशी त्याला हात डोक्यावर नेता येईनासा होतो. ज्यांनी हा खेळ केवळ चित्रांत पाहिला आहे त्यांना हे ठाऊक नसते की, पाण्यातील बहुतांश वेळ फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मागे सारण्यात आणि लाटेची वाट पाहत बसण्यात जातो. तासाभरात प्रत्यक्ष लाटेवर उभे राहण्याचा काळ थोड्या मिनिटांत मोजण्याइतका असतो. खांदे, मान आणि पाठीचा कणा यांना या अपरिचित श्रमाची सवय व्हावयास दोन-तीन आठवडे लागतातच. फळीच्या घर्षणाने बरगड्यांवर आणि मांड्यांवर ओरखडे उठतात, त्यांत खारे पाणी झोंबते. म्हणून अंगाला घट्ट बसणारा बाह्यांचा सदरा घालणे हा तेथील सर्वांचा शिरस्ता आहे. विषुववृत्तापासून अवघ्या सहा अंशांवर असलेल्या या गावी सूर्य भरदुपारी जवळजवळ डोक्यावर येतो आणि पाण्यावरून परावर्तित झालेले ऊन खालूनही भाजते. नाक, कान आणि मानेची मागची बाजू यांवर जस्ताच्या भस्माचा दाट लेप दिल्याखेरीज उतरू नये. प्रवाळावर खरचटलेली जखम क्षुल्लक वाटली तरी गोड्या पाण्याने धुऊन, स्वच्छ करून कोरडी ठेवावी, कारण उष्ण दमट हवेत ती लवकर चिघळते.

एका दुर्मीळ पण गंभीर विकाराची माहिती येथे मुद्दाम देतो, कारण तो नवशिक्यांनाच होण्याची शक्यता अधिक असते. फळीवर पालथे पडून पाठ दीर्घकाळ मागे वाकवून ठेवल्याने क्वचित प्रसंगी मज्जारज्जूचा रक्तपुरवठा खंडित होतो आणि कोणताही आघात झालेला नसताना पाय लुळे पडू लागतात. हवाईतील वैद्यांनी 2004 मध्ये हा विकार प्रथम नोंदवला. पाण्यात असताना पाठीत अकस्मात कळ उठली किंवा पायांना मुंग्या आल्या, तर ती थकव्याची खूण न मानता त्याच क्षणी बाहेर यावे आणि थेट रुग्णालय गाठावे.

दिवसाची घडी बसू लागते ती पहाटेपासून. या अक्षांशावर दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास असतो आणि सूर्य सहा-साडेसहाच्या दरम्यान उगवतो. रात्री जमीन निवत गेल्यामुळे पहाटेचा वारा डोंगरांकडून समुद्राकडे मंद वाहत असतो, पाणी तेलासारखे सपाट दिसते आणि किनाऱ्यावर गर्दी नसते. नऊ-दहाच्या सुमारास जमीन तापते, वारा दिशा बदलतो आणि लाटेच्या चेहऱ्यावर खरखर उमटू लागते. म्हणून जाणते लोक उजाडता उजाडता पाण्यात असतात आणि इतरांचा नाश्ता चालू असताना ते बाहेर येतात. हे एकदा अंगवळणी पडले की रात्री नऊला झोप येते, घड्याळाची गरज उरत नाही, आणि शहरात वर्षानुवर्षे न जमलेली शिस्त येथे कोणी हुकूम न सोडता आपोआप लागते.

राहण्याची तजवीज कोठे करावी, याबाबत माझा आग्रह असा की, समुद्रासमोरील उपाहारगृहांच्या रांगेपेक्षा लोहमार्गाच्या आतल्या बाजूस, माडांच्या बागेत, एखाद्या कुटुंबाच्या घरातील खोली घ्यावी. महिनाभराच्या बोलीवर भाडे पुष्कळ उतरते, स्वयंपाकघराचा वापर मिळतो, आणि मुख्य म्हणजे कोणी तरी आपली वाट पाहणारे असते. मी राहिलो त्या घरच्या मालकिणीला सारी आळी अक्का म्हणून हाक मारी, आणि मीही तेच करू लागलो. सकाळी पाण्यातून परत येईपर्यंत त्यांनी तांदळाच्या पिठाचे गरम आप्प किंवा शेवयांसारखे इंदिआप्प झाकून ठेवलेले असत; सोबतीला ओले खोबरे, लाल मिरची, कांदा आणि लिंबू वाटून केलेले पोल संबोल. आपल्याकडे नारळाच्या रसात बुडवून खातात त्या शिरवाळ्यांची आणि या इंदिआप्पांची घडण एकच आहे. दुपारच्या भातासोबत दक्षिण श्रीलंकेचे खास असे आंबुल तियल असे. ट्यूना माशाच्या तुकड्यांना मिरी आणि गोरका नावाच्या आंबट फळाचा लेप देऊन, रस पूर्ण आटेपर्यंत मातीच्या भांड्यात शिजवलेले हे कालवण, शीतपेटीवाचूनही काही दिवस टिकते. गोरका हे आपल्या कोकमाच्याच कुळातील झाड आहे, त्यामुळे मालवणी जिभेला हा आंबटपणा परका वाटत नाही. संध्याकाळी मातीच्या कुंड्यात विरजलेले म्हशीचे घट्ट दही आणि त्यावर कितुलच्या, म्हणजे आपल्या भेरली माडाच्या, रसाची काकवी. पाण्यात राबून आलेल्या शरीराला एवढे पुरते, आणि तांबिली या केशरी शहाळ्यांची रास तर प्रत्येक वळणावर असते. मुक्कामी स्वतःच्या देशातील जिन्नस शोधत फिरण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. गावात जे पिकते आणि जे जाळ्यात येते त्यावर राहावे.

दहा ते चार हा काळ सर्वांत कठीण. ऊन बाहेर पडू देत नाही, अंग थकलेले असते, आणि पहिल्या काही दिवसांत नवागताला एक विचित्र पोकळी जाणवते. आपण येथे का आलो, घरी कामे खोळंबली आहेत, असे विचार नेमके याच वेळी येतात. या दुपारी भरून काढण्याची धडपड न करता त्यांना छोटी छोटी नेमकी कामे नेमून देणे हा त्यावरचा उपाय मला लाभला: खारट कपडे धुऊन वाळत घालणे, फळीवरचे जुने मेण खरडून नवे लावणे, दैनंदिनी लिहिणे, थोडे वाचणे आणि मग झोपणे. मेणाचीही येथे एक वेगळी जात लागते. समुद्राचे पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सिअस इतके उबदार असल्यामुळे थंड प्रदेशातील मऊ मेण वितळून वाहून जाते, म्हणून उष्ण पाण्यासाठी बनवलेले कडक मेण घ्यावे आणि फळी चुकूनही उन्हात उताणी ठेवू नये. दुपारी केव्हा तरी तीनचाकी रिक्षातून पाव-बनपाव विकणारा फिरता बेकरीवाला बीथोव्हेनची एक सुप्रसिद्ध धून वाजवत आळीतून जातो आणि पोरेसोरे नाणी घेऊन धावतात. चहाची वेळ झाली, हे त्यावरून कळते.

पाण्यातील वागणुकीचा एक अलिखित कायदा आहे, आणि तो न पाळणारा माणूस गावातही नावडता होतो. लाट जेथे प्रथम फुटू लागते त्या बिंदूच्या सर्वांत जवळ जो असेल, त्या लाटेवर त्याचा हक्क. दुसऱ्याने मध्येच शिरून त्याचा मार्ग अडवू नये. परत आत जाताना येणाऱ्यांच्या वाटेतून न जाता वळसा घालावा. फळी हातची सोडू नये. पायाला बांधायची दोरी 1970 नंतरच्या काळात सर्वत्र रूढ झाली, तेव्हापासून फळी वाहून जाण्याची भीती कमी झाली हे खरे. परंतु दोरी आहे म्हणून फळी भिरकावून देणारा शेजाऱ्याचे डोके फोडू शकतो. वेलिगामाच्या वाळूवर शिकून झाल्यावर शेजारच्या मिडिगामा येथे प्रवाळ खडकावर फुटणाऱ्या वेगवान लाटांचा मोह होतो. तेथे जागा थोडी आणि हक्कदार पुष्कळ असतात; ज्याला फळी वळवता येत नाही त्याने तेथे केवळ किनाऱ्यावर बसून पाहावे.

या लाटांवर पहिला हक्क खरे म्हणजे कोणाचा, हा प्रश्न मला तेथे सतत पडत असे. लाटेवर उभे राहण्याची विद्या पॉलिनेशियाची. हवाई बेटांत ती राजापासून रयतेपर्यंत सर्वांची होती, 1779 साली कॅप्टन कुक यांच्या मोहिमेतील लेफ्टनंट किंग यांनी तिचे वर्णन आश्चर्याने लिहून ठेवले, आणि पुढे मिशनऱ्यांच्या काळात ती जवळजवळ लोपली. विसाव्या शतकाच्या आरंभी वायकीकीच्या किनाऱ्यावर ती पुन्हा बहरली, आणि 1912 च्या ऑलिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या ड्यूक कहानामोकू यांनी ती जगभर नेली. श्रीलंकेत ती परदेशी प्रवाशांबरोबर आली, परंतु आज वेलिगामाच्या किनाऱ्यावर शिकवणारे बहुसंख्य तरुण कोळ्यांच्या घरचे आहेत. समुद्राचा स्वभाव त्यांना कोणी शिकवावा लागला नाही. पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे येथे 2018 मध्ये स्त्रियांनी आपला स्वतंत्र सर्फ क्लब स्थापन केला, तो देशातील अशा प्रकारचा पहिलाच. आया आणि मुली एकत्र लाटेवर जाऊ लागल्या, ही मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत आनंदाची घटना वाटते.

कोळ्यांचे काम मात्र अजून चालू आहे, आणि पाहुण्याने त्याच्या आड येता कामा नये. पहाटे उलांडीची ओरुवा होडी परत येते, कोठे आपल्या रापणीसारखे लांब जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढले जात असते. त्या वेळी फळी बाजूला ठेवून वाट द्यावी, आणि बोलावले तर दोराला हातही लावावा. अहंगामा आणि कोग्गला येथे पाण्यात रोवलेल्या काठ्यांवर बसून गळ टाकणाऱ्यांची छायाचित्रे जगभर गेली आहेत. ही पद्धत फार प्राचीन नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अन्नटंचाईत ती सुरू झाली. आज त्या काठ्यांवर बसणारे पुष्कळजण मासळीसाठी नव्हे तर प्रवाशांच्या छायाचित्रांसाठी बसतात आणि त्याचे पैसे घेतात. यात त्यांची फसवेगिरी पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. मासळी घटली, त्सुनामीने किनारा बदलला, आणि उपजीविका तर करायची आहे.

त्सुनामीचा विषय तेथे कोणी आपण होऊन काढत नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्या सकाळी श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक माणसे गेली. हिक्काडुवाजवळच्या पेरलिय येथे कोलंबोहून येणारी गच्च भरलेली आगगाडी रुळांवरून उखडली गेली आणि तिच्यातच हजाराहून अधिक बळी पडले. आपण ज्या घरात राहतो त्या घरातलेही कोणी गेलेले असू शकते. डिसेंबरात मुक्काम असेल तर त्या तारखेला सकाळी साडेनऊच्या सुमारास देशभर पाळल्या जाणाऱ्या मौनात पाहुण्याने उभे राहावे, आणि घर घेतानाच उंच जागेकडे जाण्याची वाट कोणती हे विचारून ठेवावे.

दर पौर्णिमेला श्रीलंकेत सरकारी सुटी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूची विक्री बंद, मांसाची दुकाने बंद, पांढऱ्या वस्त्रांतील माणसे फुले घेऊन विहाराकडे निघालेली. महिनाभर राहणाऱ्याला एक तरी पोया मिळतेच, आणि तो दिवस पाण्यातून विश्रांतीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. विहारात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर ठेवावीत, बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र घेऊ नये. आपल्याला हे वेगळे सांगावे लागू नये. इतर विश्रांतीच्या दिवशी गॉलचा किल्ला पाहावा. पोर्तुगीजांनी आरंभलेला आणि 1640 नंतर डचांनी दगडी तटबुरुजांनी भक्कम केलेला हा किल्ला अजून नांदता आहे, त्याच्या आत शाळा आहेत, कचेरी आहे, मशीद आहे. त्याहून अगत्याने कोग्गला येथे जावे. सिंहली कादंबरीकार मार्टिन विक्रमसिंह 1890 साली तेथे जन्मले, आणि त्यांच्या घराच्या आवारात आता लोकजीवनाचे वस्तुसंग्रहालय आहे. 1944 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'गंपेरलिय' या कादंबरीत याच दक्षिण किनाऱ्यावरील गावाच्या जुन्या व्यवस्थेचा ऱ्हास रंगवला आहे. ज्या गावात आपण पाहुणे आहोत ते आपल्या येण्यापूर्वीही बदलत होते, हे ती वाचल्यावर ध्यानात येते.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एक फरक पडतो. लाट येताना पाहिली की ती आपल्यासाठी आहे किंवा नाही हे डोळ्यांना विचार न करता कळू लागते. सगळ्या लाटांमागे धावणे थांबते. भाजीवाला भाव वाढवून सांगत नाही. रिक्षावाला घरापर्यंतची वाट विचारीत नाही. पावसाची सर येऊन समुद्र बिघडला तर त्या दिवशी हळहळ न वाटता मनुष्य निमूटपणे कपडे शिवायला बसतो. त्या आठवड्यापर्यंत थांबण्यासाठीच दीर्घ मुक्काम करावयाचा असतो, आणि पाच दिवसांच्या सहलीत ही अवस्था येऊ शकत नाही, असा माझा अनुभवान्ती निर्णय आहे.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी जानेवारी ते मार्च हे महिने निवडावेत. भारतीय नागरिकाला प्रवासाआधी परवानगीपत्र काढावे लागते, त्याची मुदत सामान्यतः तीस दिवसांची असून ती वाढवून मिळू शकते. परंतु हे नियम वरचेवर बदलत असल्याने निघण्यापूर्वी श्रीलंका सरकारची ताजी सूचना पाहावी. विमा सर्फिंगला लागू आहे की नाही हे कागद वाचून तपासावे. स्वतःची फळी नेऊ नये, तेथे आठ-नऊ फुटांची मऊ फळी आठवड्याच्या भाड्याने सहज मिळते. समुद्राकडे खेचून नेणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी न झुंजता किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे, ही गोष्ट पाठ करून जावी. आणि ती करता येण्याइतके पोहणे घरच्या तलावात आधी पक्के शिकून घ्यावे, कारण वेलिगामाचे शिक्षक फळीवर उभे राहणे शिकवतात, पोहणे शिकवत नाहीत.